छबूबाईंचा तांब्या

गोळी तळहातावर आणि पाण्याचा पेला ओठांशी, एवढ्यात रुचिकाने ओट्यावरची पट्टी उचलून उलटी केली.

"मम्मी, थांब. हाई कसानी गोळी शे, माहीत शे का तुले?"

लेक शहाद्याला फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. घरातलं मलमसुद्धा वाचल्याशिवाय कुणाला लावू देत नव्हती.

"ईस्ट्रोजननी," मोहिनी म्हणाली. "डॉक्टरनी सांगं ना, गर्भपिशवी काढी तधळ अंडाशयंबी काढी, म्हनीसन आंगमा ते तयार व्हत नही."

"ते खरं. पन ईस्ट्रोजनना प्रकार ऱ्हातस. एक एस्ट्राडिओल, आपलं आंग बनाडस तसंच. ते कंदमाईन बनाडतस. त्यानी गोळी भेटस, हातले चोळानं जेलबी भेटस. आनि हाई..." रुचिका अडखळली. "हाई गाभण घोडीना मूतमाईन काढतस."

देवघरातली घंटी मध्येच थांबल्यासारखी वाटली. मग पुन्हा वाजू लागली.

मोहिनीचा हात तसाच राहिला. तिची सासू छबूबाई सोवळ्यासाठी ब्राह्मणपुरी गावात प्रसिद्ध. कांदा-लसूण घरात नाही. पितळी तांब्या कायम जवळ. त्यातलं पाणी फक्त त्यांचं, नातीनेसुद्धा त्याला बोट लावायचं नाही. रोज सकाळी घरभर गोमूत्र शिंपडल्याशिवाय गॅस पेटायचा नाही. गाईचं चालतं तर घोडीचं का नाही, असं मोहिनीच्या मनात येऊन गेलं. पण हे विचारायला वाघाचं काळीज हवं. दोन महिने आपण हे पोटात ठेवून देवाचा नैवेद्य रांधला, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने गोळी मोरीत टाकली आणि पट्टी डाळीच्या डब्यामागे सरकवली. डॉक्टर भेटणार होते सारंगखेड्याच्या जत्रेनंतर, गुरुवारी. तोवर सहा दिवस असेच काढू, असं तिने ठरवलं.

दोनच दिवसांत गोळ्यांच्या आधीची ती अंगातली आग परत आली. छातीतून निघून कानशिलांपर्यंत चढायची, आणि पाठोपाठ घाम. ऐन मार्गशीर्षात सगळं घर गोधडीत, आणि ही एकटी ओसरीच्या गार फरशीवर पाय टेकून बसलेली. भाजी करपली. नवऱ्याने, भूपेंद्रने, मीठ मागितलं तर तिने बरणी आदळली. गोळ्या सुरू होण्याआधी ती अशीच होती, आणि त्या मोहिनीला तीच सगळ्यात जास्त घाबरायची. येताजाता हात डाळीच्या डब्याकडे जायचा आणि रिकामाच परत यायचा. सासू गप्प होती. त्या गप्प बसण्याचीच तिला जास्त धास्ती वाटायची.

जत्रेत दत्ताचं दर्शन झाल्यावर भूपेंद्र घोड्यांच्या बाजारात शिरला. घ्यायचा एकही नव्हता, पण दात प्रत्येकाचे तपासायचे होते. सासू-सुना मागे राहिल्या. वाटेच्या कडेला एक तांबडी घोडी बांधलेली, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं. मोहिनीचे पाय तिथेच अडले. तेवढ्यात ती आग उसळली. तिने अंगावरची शाल ओढून काढली, पदराने मान पुसली, तरी घाम थांबेना.

छबूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग घोडीकडे. मग पिशवीतून कुंकवाची डबी काढली, घोडीच्या कपाळाला बोट टेकलं आणि प्रसादाचा गूळ-खोबरं मूठभर तिच्यापुढे धरलं.

घोडीचा मालक दलसिंग हसला. "काय आजी, घोडीनी ओटी भरी ऱ्हायन्यात का?"

"पोटशी शे ना ती? मंग?"

घोडीने तळहात चाटून साफ केला. छबूबाईंनी तो पदराला पुसला, सुनेला चार पावलं बाजूला नेलं आणि पुन्हा पिशवीत हात घातला. बाहेर आली ती गोळ्यांची पट्टी. डाळीच्या डब्यामागची.

मोहिनीने पट्टी ओळखली. "आई, ती..."

"कसानी शे ते माले माहीत शे. मन्हा कान आजून शाबूत शेतस." छबूबाईंचा आवाज खाली आला. "मन्ही येळले हाईच आग व्हती, मी चार वरीस रातभर आंगनमा बठेल ऱ्हाऊ. वारं लागनं म्हनीसन सासरानी भगत बलावा. त्यानी लिंबाना फोकवरी झोडं माले. गोळी कोनी दिधी नही."

त्यांनी पट्टी मोहिनीच्या हातात ठेवली.

"बेस्तरवारले डाक्टर दुसरी दी ते दी. आज हाई ले."

मोहिनीने गोळी फोडून जिभेवर ठेवली. पाण्याची बाटली गाडीत राहिली होती. छबूबाईंनी काखेतला तांब्या पुढे केला. तांब्याला बोट लागू नये म्हणून मोहिनी वाकली आणि वरून धार घ्यायला तिने ओंजळ धरली.

छबूबाईंनी पाणी ओतलं नाही.

"ओंजळ कसाले?" त्या म्हणाल्या. "तोंड लाव."