महाराजांचा पिवळा कपडा

राजेश्वर गावातल्या धनराजच्या घरी त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. काचेच्या टाकीतले मासे एकेक करून उलटे तरंगले होते. शेवटचा नारंगी मासा वर येऊन तोंड वासत होता आणि त्याचं निदान करायला साक्षात जलगुरू काशप्पा महाराज पधारले होते.

महाराजांनी तळहातावर तंबाखू मळली, दाढेखाली सारली आणि भगव्या झोळीतून हळदीत रंगवलेला कपडा काढून टाकीत बुडवला. बाहेर काढून अंगठ्यानं चोळला. पिवळ्यावर रक्तासारखा डाग उमटला.

"पाण्यातली गंगव्वा रडायलीय," महाराज म्हणाले. "कुणाच्या तरी हातानं पाणी मरायलंय. माशाला दाणे कोण टाकतंय?"

सगळ्या माना धनराजच्या लेकीकडे, चिमुकल्या शैलूकडे वळल्या.

"हिचा हात घागरीला लागू देऊ नका, अक्का," त्यांनी धनराजच्या आईला, सत्यभामाबाईंना बजावलं. मग डाव्या हातानं झोळीतलं लिंबू डागावर पिळलं. डाग गेला. गर्दीनं हात जोडले. जलगुरूंच्या झोळीत लिंबूही तयार असतं, हाही चमत्कारच.

शैलूनं दोन्ही हात फ्रॉकमागं लपवले. ते बघून तिच्या आईला, स्नेहाला, गप्प बसवेना.

"पाणी तपासायच्या कागदी पट्टीनं तपासलो की मी," धनराज पुटपुटला. "तिच्यावरचे सगळे रंगाचे चौकोन बरोबर आले. मग मासे कामून मरायलेत?"

"त्या पट्टीवर अमोनियाचा चौकोनच न्हाई. जे विचारलंच न्हाई, ते ती कामून सांगंल?" स्नेहानं कपडा धुतला आणि महाराजांच्याच पिण्याच्या तांब्यात बुडवला. "शैलू, चोळ गं."

शैलूनं भीत भीत चोळला. कपडा पिवळाच राहिला.

"आता तुमी चोळा, महाराज."

"देवाची परीक्षा बघायलीस व्हय?"

"देवाची न्हाई. तांब्याची."

गर्दी पुढं सरकली. महाराजांनी दोन बोटांत कपडा धरला, पण हाताची सवय गेली नव्हती, अंगठा फिरलाच. लाल.

"अगं बाई," मागून कुणीतरी म्हणालं, "म्हाराजाच्या बी हातानं पाणी मरायलंय की."

स्नेहा सासूकडे वळली. "आत्याबाई, कुंकू कशाचं करत होता तुमी?"

"हळदीला चुना लावून," सत्यभामाबाई सवयीनं बोलून गेल्या, आणि तोंडावर पदर धरला. उभा जन्म कुंकू करणाऱ्या बाईला महाराजांनी कुंकूच करून दाखवलं होतं. तंबाखू मळताना अंगठ्याला लागलेला चुना, एवढंच त्यात अध्यात्म. हळद चुन्यानं लाल, लिंबानं परत पिवळी. महाराजांनी शब्दशः चुना लावला होता. निघताना ते कपडाही विसरले.

मग स्नेहानं काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन अमोनिया तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. पट्टीसारखा झटपट निकाल नाही, थांबावं लागतं. पिवळसर पाणी हळूहळू हिरवं झालं. अमोनिया, कुजण्यातून सुटणारं माशांचं विष. टाकीच्या तळाशी चुरमुऱ्यांचा थर कुजत होता.

"मीच टाकत होते," सत्यभामाबाई म्हणाल्या. "उपाशी दिसायचे गं मला."

थर उपसला, अर्धं पाणी बदललं. नारंगी मासा हळूहळू खाली उतरला.

पाण्याचं दुखणं पाण्याला विचारावं, लेकराच्या हातावर त्याचा दोष लिहू नये. आणि परीक्षा कोणतीही असो, ती काय तपासते आणि काय नाही, एवढं आधी विचारावं. कपडा भगव्या झोळीतून निघाला असेल तर दोनदा.

"शैलू," सत्यभामाबाईंनी हाक मारली, "घागरीतलं पाणी दे गं प्यायला. तुझ्या हातानं."