बंद पंखा

जानेवारीत प्रेअरीच्या गवताळ मैदानांवरची थंडी उणे तीसवर गेली होती. विद्यापीठाच्या तळघरातल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक केंद्रात डार्लीन ह्रुश्काने रोजच्यासारखे दिवे लावले, कॉफी ठेवली. सव्वीस वर्षं केंद्राची व्यवस्था तिच्याकडेच होती.

नोरीन बीअर्डी आत आली ती भिंत चाचपत. उत्तरेकडच्या क्री आदिवासींच्या वस्तीतून पीएच.डी.ला आलेली ही मुलगी उंदराच्या मेंदूचे नमुने तयार करत असे.

“दिव्यांभोवती रंगीत कडी दिसताहेत,” ती हसत म्हणाली. “मला रोजच नाताळ!”

डार्लीन हसली नाही. नमुने टिकावेत म्हणून पक्के करायला ऑस्मियमचं विषारी रसायन वापरतात. त्याची वाफ माणसाच्या बुबुळालाही सोडत नाही; दिव्यांभोवतीची कडी ही तिचीच खूण. आणि ती वाफ बाहेर ओढणारा पंखा नोव्हेंबरपासून बंद होता.

“कधीपासून दिसतंय हे?”

“तीन आठवडे झाले. पण कुणाला सांगू नका हं. प्रोफेसर म्हणतात, रडक्यांना शिफारसपत्रं मिळत नाहीत.”

सोसायचं आणि गप्प बसायचं, ही तिथली रीतच होती. ‘थोडं चुरचुरतं, मग सवय होते,’ असं पहिल्या दिवशी नोरीनला खुद्द डार्लीननेच सांगितलं होतं. तिलाही तिच्या आधीच्या बाईने हेच सांगितलं होतं.

डार्लीनने तिला तशीच गाडीत घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. उजवा डोळा सुधारेल, म्हणाले. डाव्याची मात्र खात्री देईनात.

परतल्यावर डार्लीनने नमुन्यांच्या खोलीला कुलूप ठोकलं. प्रोफेसर ऑल्डन प्रुइट धावतच खाली आले. मागून त्यांचे सहा विद्यार्थी.

“शुक्रवारी अनुदान देणाऱ्यांची पाहणी आहे, नमुने तयार हवेत. कुलूप काढ!”

“नाही काढणार.”

“एका पोरीचे डोळे दुखले म्हणून? या सगळ्यांचं वर्ष बुडालं तर ते तुझ्या माथी!”

“दुखले नाहीत, ऑल्डन. एक बहुधा गेलाय. आणि त्यातलं निम्मं पाप माझं आहे. आता आणखी नको.”

तिने सुरक्षा विभागाला लिहिलेली तक्रार सर्वांसमोर वाचली. पहिलंच वाक्य होतं : ‘पंखा बंद आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी मुलांना आत पाठवत राहिले.’

“ज्यांना त्रास झालाय, त्यांनी खाली सही करा.”

प्रुइट एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. सहाही जणांनी माना खाली घातल्या.

डार्लीनने एकटीने सही केली आणि कागद घेऊन ती जिन्याकडे निघाली. वाटेत तिने प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

त्यातल्या दोघांचे डोळे लाल होते.