आधीची छोटी फुंकर

दुसऱ्या जिन्याच्या वळणावर भाता थांबला आणि भिंतीवरची सूचना मन लावून वाचू लागला. सूचना उंदरांच्या औषधाबद्दल होती आणि तीही गेल्या वर्षीची. पण वाचायला काहीतरी हवंच होतं. जिन्यात नुसत्या उभ्या माणसाला लोक ‘बरं वाटतंय ना’ म्हणून विचारतात, आणि अग्निशमन दलातल्या माणसाला तो प्रश्न शिवीपेक्षा जास्त लागतो. हाच माणूस एके काळी खांद्यावर पाइपाचं वेटोळं टाकून सात मजले एका दमात चढला होता. आता दोन मजल्यांत त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

सकाळी वहिनीचा फोन आला होता. वहिनी म्हणजे ड्रायव्हरची बायको, आणि ड्रायव्हर म्हणजे भात्याचा बावीस वर्षांचा सोबती. एकाच गाडीवर, एकाच पाळीत दोघांनी केस पिकवले होते. तो आता नाकाला नळी लावून हॉस्पिटलात पडला होता.

“भाऊजी, गुरुवारी समिती बसणार आहे,” वहिनी म्हणाली होती. “हा आजार नोकरीमुळे झाला असं त्यांनी मानलं तरच यांना फुप्फुस बदलायला मोठ्या हॉस्पिटलात पाठवणार. नाहीतर घरी न्या म्हणतात. आणि त्यांच्यातला एक जण सांगत होता, गेल्या वर्षापर्यंत यांना एवढं काही नव्हतं, कागदच तसं बोलतोय. असं कसं हो? मी तीन वर्षं यांना पाठीशी उशा रचून झोपवतेय.”

भात्याने “बघतो” एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. बघण्यासारखं काही नव्हतं. तो कागद कोणी लिहिला हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर फुंकणीबाईचं ऑफिस होतं. हे नाव अर्थात फायर स्टेशनातलं. बाई मोठी संशोधक होती. आगवाले आणि सैनिक यांच्या छातीत धूर कसा आणि किती उरतो, याचा ती अकरा वर्षं अभ्यास करत होती. दर वर्षी एक आठवडा तिची माणसं यंत्र घेऊन स्टेशनात यायची. नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी धरायची आणि छाती रिकामी होईपर्यंत फुंकायचं. नावं गुप्त राहावीत म्हणून प्रत्येकाला नुसतं नंबराचं कार्ड. मदतनीस दर वर्षी नवे, समोर सगळे एकाच गणवेशातले आणि एकाच छापाच्या मिशांचे.

पहिल्याच दिवशी बाईने सगळ्यांना जमवून सांगितलं होतं, “हे निकाल तुमच्या साहेबांकडे जाणार नाहीत.” सगळ्यांनी माना डोलावल्या. विश्वास कोणीच ठेवला नाही. यंत्र साहेबाच्या परवानगीने येतं आणि साहेबाला काही कळत नाही, असं मानण्याइतकं भोळं तिथे कोणी नव्हतं. छाती कमी भरली की गाडीवरून उतरवून टेलिफोनपाशी बसवणार, हे सगळ्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

त्याच दिवशी ड्रायव्हरने हळूच आपलं कार्ड भात्याच्या खिशात सरकवलं. “माझंही तूच फुंक ना रे. तुला काय, एक काय नि दोन काय.”

भात्याला हे नाव उगीच पडलं नव्हतं. स्टेशनातल्या मुलांच्या वाढदिवसांचे सगळे फुगे तोच फुगवायचा, आणि वर गप्पाही मारायचा. त्याने फुंकलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन कार्डं आली, मग आणखी तीन. मग दर वर्षी त्या आठवड्यात तो कधी टोपी घालून, कधी काढून, सकाळ-संध्याकाळ फुंकत राहिला. स्वतःचं धरून सात नंबर. खरं सांगायचं तर त्याला त्याचा अभिमान होता. सहा घरांची चूल आपल्या छातीवर चालते, असं त्याला वाटायचं.

फुंकणीबाईने त्याला खुर्ची दिली आणि पाणी पुढे केलं. श्वास जागेवर येईपर्यंत ती थांबली. मग त्याने सगळं सांगितलं. मध्ये एकदाही वर बघितलं नाही.

बाईच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही. तिने कपाटातून सात कागद काढले आणि टेबलावर ओळीने मांडले. प्रत्येकावर एक रेघ वर चढून खाली आली होती. चढणीच्या अगदी सुरुवातीला प्रत्येक रेघेवर एक बारीकसा उंचवटा होता.

“गेल्या महिन्यात हे माझ्या लक्षात आलं,” ती म्हणाली. “चार हजार माणसांत हा उंचवटा फक्त सात जणांना. आधी एक छोटी फुंकर, मग मोठी. मला वाटलं यंत्र बिघडलं. तुम्ही असं का करता?”

भात्याने गाल फुगवून दाखवले. “फुग्याची सवय आहे, मॅडम. आधी थोडं फुंकून तोंड मोकळं करायचं, मग जोर लावायचा. नाहीतर गाल दुखतात.”

बाईला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन परत गेलं. तिने एका कागदाखालच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. “पहिल्या वर्षी पाच लिटर. मग पावणेपाच. मग साडेचार. हे गेल्या वर्षीचं, सव्वातीन. सातही जणांचं सारखंच उतरत गेलंय. मी अकरा वर्षं सात माणसं तपासली असं समजत होते. मी एकच माणूस सात वेळा तपासत होते.”

ती काय सांगते आहे ते भात्याला कळायला वेळ लागला. आपलीच छाती रिकामी होत चालली आहे हे कळलं तेव्हा त्याने ते बाजूला सारलं.

“माझं राहू द्या. ड्रायव्हरचं काय?”

“हॉस्पिटलात त्यांचं सव्वा लिटर भरलं. त्यांच्या बायकोने कार्ड दाखवून नेलेल्या आपल्या कागदावर वर्षापूर्वी सव्वातीन. समिती म्हणते, धुराने एका वर्षात इतकं होत नाही, म्हणजे हा आजार दुसऱ्याच कशाने झाला.”

“त्याला पहिल्यापासून धाप लागायची. माझ्यासमोर.”

“मला पटतं. पण माझ्याकडे त्यांचा एकही श्वास नाही.”

भाता पुढे सरकला. त्याने टेबलाची कड घट्ट धरली. “मॅडम, यंत्र इथेच आहे ना? मी त्याच्या नंबरावर परत फुंकतो. गेल्या वर्षीचं, त्याआधीचं, सगळं. थोडं थोडं कमी. तुम्ही फक्त तारखा घाला. अकरा वर्षं चांगलं फुंकलं, आता वाईट फुंकतो. तुम्ही म्हणाल तेवढं वाईट.”

“असं नाही करता येणार मला.”

“पाया पडतो.”

“उठा आधी. उठा. एक खोटा कागद सापडला की चार हजार जणांचे खरे कागद कचऱ्यात जातील. त्यांच्यातही कोणीतरी हॉस्पिटलात आहेच ना.” ती खिडकीकडे वळली. “निकाल तुमच्या साहेबांकडे कधीच गेला नसता हो. अकरा वर्षांत एकाही स्टेशनातला गेला नाही. मी सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं,” भाता म्हणाला.

यापेक्षा तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आपण कशाच्या भीतीने हे सगळं केलं, ते आठवून त्याला स्वतःची किळस आली. भीतीला काहीच आधार नव्हता, आणि तिच्यापायी त्याने मित्राच्या आजाराचा पुरावा फुंकून टाकला होता.

बाईने समितीसाठी पत्र तयार केलं. या नंबराच्या नोंदी त्या माणसाच्या नाहीत, असं त्यात होतं. भात्याने खाली सही केली, म्हणजे आपली नोकरीही त्या सहीखाली ठेवली. “याने काय होईल?” त्याने विचारलं.

“ते पुन्हा विचार करतील कदाचित. पण ‘मग खऱ्या नोंदी कुठे आहेत’ असंही विचारतील. मी खोटी आशा देत नाही.” तिने पेनचं टोपण लावलं. “तुमच्या नोंदी मात्र पक्क्या आहेत. अकरा वर्षांच्या, सलग. तुम्ही अर्ज केलात तर समिती नाही म्हणू शकणार नाही.”

जो कागद ड्रायव्हरला जगवू शकला असता, तो भात्याच्या नावावर तयार होता. त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत दुपार झाली. वहिनी वॉर्डाच्या दारातच होती. भात्याने तिला तिथेच उभं करून सगळं सांगितलं, काहीही गाळलं नाही.

“यांनीच दिलं असेल कार्ड,” ती म्हणाली. “गाडी सोडवत नव्हती ना.” मग पदराने तोंड दाबून ती बाकावर बसली आणि पुन्हा त्याच्याकडे बघायला तयार होईना. “तुम्ही जा आत. मला जरा बसू द्या.”

ड्रायव्हर उशांना टेकून बसला होता. समोर प्लास्टिकचं एक खेळण्यासारखं यंत्र होतं. तीन नळकांड्यांत तीन चेंडू, आणि एक नळी. इथे फुंकायचं नव्हतं, श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे होते. नर्स शेजारच्या पलंगावरून ओरडली, “काका, करा सुरू. मी आकडा लिहून घ्यायला येतेच.”

ड्रायव्हरने भात्याकडे बघितलं. “काय म्हणाली फुंकणीबाई?”

“पत्र दिलंय.”

“होईल काही?”

भात्याला खोटं बोलता येत होतं, सवय होती. “अवघड आहे,” तो म्हणाला. “माझ्यामुळे.”

ड्रायव्हरने डोळे मिटले. नळीतल्या हवेचा तेवढा आवाज येत राहिला. मग त्याने डोळे उघडले, नर्सची पाठ आहे हे बघितलं, आणि यंत्राची नळी हळूच भात्यापुढे धरली. चेहऱ्यावर तेच जुनं मिश्कील हसू होतं. “एक काय नि दोन काय.”

भात्याने नळी हातात घेतली. त्याने नळी उलटी वळवली, मित्राच्या ओठांना लावली आणि दुसरा हात त्याच्या पाठीला दिला.

“तुझं तू ओढ. येईल तेवढं.”

ड्रायव्हरने ओढलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. पहिला चेंडू जागच्या जागी हलला, थोडा थरथरला आणि परत बसला. तो धापा टाकत मागे टेकला. भात्याचा हात तसाच पाठीमागे राहिला.

नर्स वही घेऊन आली. “किती चेंडू?”

“एकही नाही,” भाता म्हणाला. “ह्याच्या नावावर लिहा.”