न चाखलेली साल

दगड असलो तरी मला चव कळते, मित्रांनो. चाळीस वर्षं ज्याच्या पोटात साली, मुळ्या आणि बिया कुटल्या गेल्या, असा एक जुना काळा खल आहे मी. काय कडू, काय तुरट, काय जिभेला झोंबणारं, हे माझ्या अंगात मुरलेलं आहे. फक्त मला बोलता येत नव्हतं. आयुष्यात एकदाच बोलता यायला हवं होतं, तेव्हाही मी गप्प राहिलो. तीच गोष्ट आज तुम्हांला सांगतो.

माझा जन्म उदगीरचा. तेव्हा आपल्या भागात निजामाचं राज्य होतं. किल्ल्याच्या पायथ्याशी एक वडार पाथरवट बसायचा. त्याने आठ दिवस छिन्नीने माझं पोट कोरलं आणि वाळू घालून घासलं. देवणीच्या अलीकडच्या एका वाडीतली महादेवी मला विकत घेऊन बैलगाडीतून घरी घेऊन गेली. महादेवी गावाला आणि गावाच्या जनावरांना औषध देणारी बाई होती. तिची सून नागम्मा लग्न होऊन आली तेव्हा चौदा वर्षांची होती. सासूने तिला चुलीआधी माझ्यापुढे बसवलं.

महादेवी औषधाची नावं उशिरा शिकवायची. आधी झाड कसं निवडायचं ते. वारुळावर उगवलेलं घ्यायचं नाही. मसणवट्यातलं घ्यायचं नाही. किडीने खाल्लेलं, सावलीत पिवळं पडलेलं घ्यायचं नाही. आदल्या दिवशी जाऊन झाडापुढे चार जोंधळे ठेवायचे आणि म्हणायचं, "उद्या येते गं बाई." साल काढायची ती एकाच अंगाने, तळहाताएवढी. वर शेण-माती लिंपायची. आणि एकदा साल काढली की पुढच्या पाडव्यापर्यंत त्या झाडाकडे फिरकायचं नाही.

सगळ्यात कडक शिस्त होती ती कुड्याची. पोट बिघडून रक्त पडायला लागलं की आमच्या भागात कुड्याची साल कुटून ताकातून देत. पण कुडा दोन तऱ्हेचा. एक कडू, एक गोडा. दोन्हींना पानं जवळजवळ सारखी, दोन्ही मोडले की पांढरं दूध येतं. शेंगा असल्या तर ओळखता येतं. गोड्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात, कडूच्या सुट्या लोंबतात. पण शेंगा बारा महिने थोड्याच असतात? म्हणून महादेवी म्हणायची, "डोळा फसतो. हात फसतो. जीभ फसत न्हाई. आधी आपल्या जिभेवर, मग खलात, मग दुसऱ्याच्या पोटात. ध्यानात ठेव."

नागम्माने ते ध्यानात ठेवलं. महादेवी गेली तरी तिने ती शिस्त मोडली नाही. सालीचा तुकडा दाताखाली धरायची, डोळे मिटायची, आणि मान हलवली की मगच तो माझ्या पोटात पडायचा. कडू कुडा कुटला की तिची बोटं इतकी कडू व्हायची, की राखेने हात घासले तरी संध्याकाळची भाकरी कडू लागायची. ती हसून म्हणायची, "आज भाकर कडू हाय, म्हंजी औषध खरं हाय."

ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. देवणीच्या बाजाराला निघालेले लोक वाटेत बैल थांबवून नागम्माकडे यायचे. दसऱ्याला मला हळदकुंकू लागायचं. कुणीकुणी तर जाताना माझ्या काठाला हात लावून तो कपाळाला लावायचं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

नागम्माची एकच जिवाभावाची मैत्रीण होती, खातूनबी. तिचा नवरा बैलांना नाल ठोकायचा. खातूनबीच्या चार-पाच शेळ्या होत्या, आणि शेळ्यांमागे फिरून तिला माळाचा कोपरा न् कोपरा ठाऊक होता. कोणता पाला शेळी चाटून सोडते, कोणता खाऊन दुसऱ्या दिवशी मलूल पडते, हे ती नागम्माला येऊन सांगायची. अनोळखी झाडाची पारख अशी दोघींची मिळून चालायची. आधी शेळी, मग खातूनबीचा डोळा, शेवटी नागम्माची जीभ.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला.

पाऊस आलाच नाही. विहिरींचे तळ दिसायला लागले. गोठे रिकामे झाले, तेव्हा ताक कुठून मिळणार? गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं आणि पंचक्रोशीतली माणसं तिथे माती उपसायला जाऊ लागली. प्यायला एका डबक्यातलं गढूळ पाणी. उन्हाळा लागायच्या आतच कामावर हगवणीची साथ आली. सरकारी दवाखाना उदगीरला. गाड्या होत्या, पण ओढायला बैल उरले नव्हते. सकाळी दार उघडलं की नागम्माच्या अंगणात दहा-पंधरा माणसं बसलेली असायची.

माळावर कडू कुड्याची तीन झाडं होती. दोन कुणीतरी सरपणाला तोडून नेली होती. उरलं एक, ओढ्याकाठचं. नागम्माने पहिल्या दिवशी तळहाताएवढी साल आणली. चौथ्या दिवशी पुन्हा गेली. आठव्या दिवशी परत. शेवटी एका दुपारी तिने भरलेली पाटी माझ्याजवळ टेकवली आणि पाठोपाठ खातूनबी आली. ती धापा टाकत होती.

"अक्का, झाडाला चौफेर सोललीस?"

नागम्मा पाटीतली साल निवडायला लागली.

"मरतंय ना ते! तूच सांगायचीस न्हवं, एकाच अंगानं म्हणून?"

"माणसं मरायलीत, खातूनबी. झाडाचं काय घेऊन बसलीस?"

"मी भांडायला आले न्हाई. पण हे संपलं तर उद्या काय देशील?"

नागम्मा कुटायला बसली. त्या सालीने बरीच माणसं सावरली, निदान लोक तसं म्हणत होते. आठ-दहा दिवसांत साल संपली. झाड उभ्याउभ्या वाळलं. माणसं मात्र येतच राहिली.

तेव्हा कामावरचा मुकादम वीरभद्र एक मोळी घेऊन आला. निलंग्याकडच्या डोंगरातून त्याने माणूस पाठवून ती मुद्दाम आणवली होती. माणूस भला होता. कामावरच्या लोकांचे हाल त्याला बघवत नव्हते.

"नागम्माअक्का, कुडाच हाय. चांगला पारखून आणलाय. आता थांबू नका."

साल वाळलेली होती. पानं नाहीत, शेंगा नाहीत. नागम्माने एक तुकडा उचलला, बोटांत फिरवला, वास घेतला. दोन दिवस तिच्या पोटात धड अन्न नव्हतं. तोंड आलं होतं, जिभेला पाणीसुद्धा झोंबत होतं. अंगणात एक बाई कण्हत होती. नागम्माने तो तुकडा तोंडाजवळ नेला, मग त्या बाईकडे पाहिलं, आणि तसाच माझ्यात टाकला.

बत्त्याचा पहिला घाव बसला आणि मला कळलं. ही ती साल नव्हती. कडवटपणाची जी धार माझ्या अंगाला ओळखीची होती, ती नव्हतीच. मी दगड. मी काय करणार? बत्ता पडत राहिला आणि मी ती साल बारीक होऊ दिली.

त्याच दिवशी खातूनबी आपल्या सुनेला, गौसियाला, धरून घेऊन आली. गौसिया तलावाच्या कामावर जायची. वय असेल वीस-एकवीस. घरी दीड वर्षाची मुलगी. सकाळपासून तिला हगवण लागली होती आणि पाय लटपटत होते.

"अक्का, वाण्याच्या घरी एक बैलजोडी उरलीय," खातूनबी म्हणाली. "मागून बघते. हिला उदगीरला दवाखान्यात नेते."

नागम्माने गौसियाचा हात हातात घेतला. "इतक्या उन्हात गाडीनं तिचे हाल व्हतील. साल आलीय. दोन दिस दे मला."

खातूनबीने तिच्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत नागम्माचा शब्द खाली पडलेला तिने पाहिला नव्हता. "बरं," ती म्हणाली. "तू म्हणतीस तर."

कोमट पाण्यातून ती पूड गौसियाने दोन दिवस घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती डोळे उघडेना. तेव्हा बैलजोडी मागून आणली, गाडी जुंपली. पण उदगीर यायच्या आधीच, वाटेवर, गौसिया गेली.

नागम्मा मातीला जाऊन आली. अंघोळ करून ओसरीत बसली. शेजारणीने अर्धी भाकरी पुढे ठेवली. तिने एक घास तोंडात घातला आणि तिचा हात थांबला. तीन दिवस ती साल कुटत होती. तीन दिवस भाकरी खात होती. भाकरी एकदाही कडू लागली नव्हती.

ती उठून माझ्याकडे आली. माझ्या तळाशी चिमूटभर पूड चिकटलेली होती. ती तिने बोटाने खरवडून जिभेवर ठेवली. आलेल्या तोंडाला ती झोंबली असेल, पण तिला जे कळायचं ते कळलं. तिच्या तोंडून एकच शब्द आला, "गोडा."

मित्रांनो, त्या सालीने गौसियाला मारलं नाही. सालीने काहीच केलं नाही, हेच तर दुःख. दोन दिवस मात्र गेले. कडू साल असती तरी गौसिया वाचली असती की नाही, कोण सांगणार? पण दवाखान्याच्या आणि तिच्या मध्ये नागम्माचा शब्द आडवा आला, आणि तो शब्द चाखून पाहिलेला नव्हता. लोक म्हणाले, दुष्काळाने नेलं. वीरभद्र रडला, म्हणाला, चूक माझी. नागम्माने त्याला बोल लावला नाही. ती खातूनबीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि घडलं तसं सगळं सांगितलं. खातूनबीने नातीला कडेवर घेतलं आणि दार लावून घेतलं.

नागम्माने मला धुतलं, गोठ्यामागे नेलं आणि पालथं घातलं. औषध मागायला कुणी आलं की ती म्हणायची, "मला येत न्हाई. दवाखान्यात जावा." दसरे आले नि गेले. माझ्या पाठीवर गवत वाढलं, पोटाखाली विंचवांनी घर केलं. दगडाला त्याचं दुःख नसतं. पण पलीकडे दारात बसून राहणारी ती बाई मला दिसायची, आणि ती कुणाशी बोलत नाही हेही कळायचं.

दहा वर्षं गेली. उस्मानाबादेतून लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यात नवी कचेरी, नवे रस्ते, नव्या जीपगाड्या. लातूरच्या एका कॉलेजात वनस्पती शिकवणारे सिद्धेश्वर सर गावोगाव फिरून, लोक कोणती झाडं औषधाला वापरतात आणि ती कशी निवडतात, हे लिहून घेत होते. गावाने त्यांना नागम्माकडे धाडलं.

"आज्जी, तुम्ही काय सांगाल ते लिहून घेतो."

"मला काही येत न्हाई, सर. तुमी उगं आलाव."

सर उठायला लागले. तेवढ्यात काठी टेकत खातूनबी अंगणात आली. दहा वर्षांत या अंगणात तिचं पाऊल पडलं नव्हतं. नागम्मा उठून उभी राहिली.

"सांग त्यांला," खातूनबी म्हणाली.

"कोणत्या तोंडानं सांगू?"

"त्याच तोंडानं. तू गप बसलीस म्हणून माझी गौसिया परत आली का?" मग हलक्या आवाजात म्हणाली, "माझी नात बारा वर्सांची व्हायली. माळावर शेळ्या नेते. तिला कडू कुठला न् गोडा कुठला ते ठाव न्हाई, अक्का. मला तर आता डोळ्यांनी दिसत बी न्हाई."

नागम्मा खाली बसली. पदराने डोळे पुसले. सरांनी वही उघडली आणि विचारलं, "कुठून सुरुवात करूया? झाडाच्या नावापासून?"

"न्हाई," नागम्मा म्हणाली. "आधी माझी चूक लिवा. झाडाचं नाव मागून."

सरांच्या वहीत रकाने आखलेले होते. झाडाचं नाव, कोणता भाग, कोणत्या दुखण्यावर. चुकीसाठी रकाना नव्हता. सरांनी ते पान उलटलं आणि ते मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. संध्याकाळपर्यंत लिहीत होते. गौसियाची सगळी हकीकत त्यांनी लिहिली. शेवटी त्यांनी विचारलं, "आज्जी, ते कडू कुड्याचं झाड दाखवता का?"

नागम्माने नाही म्हणून मान हलवली. आमच्या माळावर दाखवायला कडू कुडा उरलाच नव्हता.

त्यानंतर नागम्मा सहा वर्षं जगली. औषध तिने पुन्हा कधी दिलं नाही. पण खातूनबीच्या नातीला घेऊन ती माळावर जायची आणि जे उरलं होतं ते ओळखायला शिकवायची. ती पोर आता स्वतः आजी झाली आहे. मला ती आपल्या घरी घेऊन आली, पण माझ्यात ती काही कुटत नाही. दुखणं आलं की ती आधी दवाखान्याची वाट धरते, आणि तिचं बरोबर आहे.

म्हणून मित्रांनो, एवढं माझं ऐका. झाडाची साल चौफेर सोलू नका. एका अंगाने घेतलेलं झाड देतं, चौफेर घेतलेलं मरतं. आजारी माणसाला कुणाच्या मोठेपणापायी घरी थांबवून ठेवू नका. आणि तुमच्या गावात अशी जाणती म्हातारी माणसं अजून असतील, तर त्यांच्यापाशी जाऊन बसा. कोणतं झाड कशाला चालतं, ते विचाराच. पण एवढ्यावर उठू नका. "आज्जी, तुम्ही कधी चुकला होतात?" असंही विचारा. विचारणारं कुणी भेटलं नाही, म्हणून आमच्या नागम्माने ते दहा वर्षं एकटीने उराशी धरून ठेवलं.