फेजवादाची दोन पातेली

सविताने आयुष्यात पहिल्यांदा डुकराचं मांस विकत घेतलं ते सिंगापूरमधल्या पासिर रिसच्या बाजारात, नाकाला ओढणी लावून आणि ओळखीचं कुणी दिसत नाही ना हे चारदा बघून. साठी उलटलेली बाई, घरात अंड्यालाही थारा नाही, आणि आज पिशवीत फासळ्या, सॉसेज आणि खारवलेले पाय. दुकानदाराने "आंटी, सूप?" असं विचारलं तेव्हा तिने नुसती मान हलवली. सुनेसाठी आहे, एवढं सांगायलाही तिची जीभ रेटेना.

सून म्हणजे लुसियाना. सविताचा मुलगा वेदांत कंपनीच्या कामाला ब्राझीलला गेला आणि तिच्याशी लग्न ठरवूनच परत आला. तेव्हापासून सविताने मुलाच्या घरी पाण्याखेरीज कशालाही तोंड लावलं नव्हतं, आणि ते पाणीही बाटलीतलं. दर शनिवारी दुपारी तिथे फेजवादा शिजतो, म्हणजे काळा राजमा आणि डुक्कर एकाच पातेल्यात तासन्‌तास रटरटवतात, हे तिला माहीत होतं. म्हणून शनिवारी ती त्याला फोनसुद्धा करत नसे. जणू वास फोनमधून येणार होता.

फेब्रुवारीत वेदांत गेला. जुरोंग आयलंडवरच्या कामावरून घरी येताना, कंपनीच्या बसमध्ये. शेजारच्याला वाटलं, झोपलाय. हृदय बंद पडलं, एवढंच डॉक्टर म्हणाले.

लुसियाना त्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या राहण्याच्या पासवर सिंगापूरला राहत होती. तो पास त्याच्याबरोबरच संपला. आता चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेने तिला नोकरी देऊ केली होती. ती घेतली तर राहता येणार होतं, पण मग चार वर्षांच्या जाईकडे बघायला घरात माणूस हवं. "तुम्ही दोघी आमच्याकडेच या," सविता तिला म्हणाली. नाहीतर नात ब्राझीलला जाणार. एकदा गेली की वर्षातून एकदा पडद्यावर दिसणार आणि हळूहळू मराठी विसरणार. मुलगा गेला, आता नातही जाणार.

लुसियाना घुटमळत होती. "तुमच्या घरात मला राहता येईल का, आई, मला कळत नाही," ती फोनवर म्हणाली. सोमवारी तिला बँकेला उत्तर द्यायचं होतं.

"शनिवारी जेवायला ये," सविता म्हणाली. "मी फेजवादा करते."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "येते," लुसियाना म्हणाली.

सविताने यूट्यूबवर बघून बघून कृती पाठ केली. राजमा भिजवला. खारवलेल्या मांसाचं पाणी पुन्हा पुन्हा बदललं, आणि दर वेळी हात साबणाने कोपरापर्यंत धुतले. हळदीच्या डब्याकडे गेलेला हात मागे घेतला. लसूण, कांदा, तमालपत्र, शेजारी भात आणि संत्र्याच्या फोडी. मांस शिजायला लागलं तेव्हा तिला दोनदा उमळून आलं. तोंडावर पाणी मारून ती पुन्हा उभी राहिली. तिचा नवरा प्रबोध दारातून बघत होता. "मी कधी घरात ऑम्लेट मागितलं असतं तर आठवडाभर बोलली नसतीस," तो म्हणाला. ती हसली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच.

लुसियाना आली आणि दारातच थांबली. डोळे मिटून तिने वास घेतला. जाई धावत जाऊन आजीच्या कमरेला बिलगली. जिंकले, असं सविताला वाटलं.

लुसियाना थेट स्वयंपाकघरात गेली आणि तिने झाकण उचललं. आत नुसता राजमा होता.

"मांस?"

याच क्षणाची सविता वाट बघत होती. तिने मागच्या, कपडे धुवायच्या यार्डचं दार उघडलं. वॉशिंग मशीनच्या शेजारी नवी इंडक्शन शेगडी होती, तिच्यावर नवं पातेलं, वर प्रबोधने लावलेली नवी फळी. फळीवर ताटं, वाट्या, चमचे, आणि चुकून मिसळू नयेत म्हणून प्रत्येकाला लाल चिकटपट्टी.

"हे सगळं तुझं," ती म्हणाली. "तुला हवं ते शिजव. मी एका शब्दाने बोलणार नाही."

यापेक्षा जास्त सविता कुणासाठी वाकली नव्हती. मनापासून वाकली होती, तेही खरं.

"एकत्र शिजवायचं असतं, आई," लुसियाना हळूच म्हणाली.

"ताटात एकत्र होतंच की."

जेवायला बसले. जाईने टेबलावरचे चमचे बघितले. "आजी, माय स्पून विच वन?"

"मांस खाणार असशील तर लाल पट्टीचा. नाहीतर हा."

जाईने लाल पट्टीचा घेतला. लुसियानाने आपलं ताट थोडं पुढे सरकवलं. "आणि खाऊन झाल्यावर ती तुमच्या मांडीवर बसली तर?"

"बसेल की," सविता म्हणाली. "हात-तोंड धुऊन."

बोलून गेल्यावर तिला ते ऐकू आलं. प्रबोधने मान खाली घातली.  लुसियानाने ताटातलं सगळं संपवलं, जाईला भरवलं, आणि दोघींची ताटं यार्डात नेऊन स्वतः घासली.

"सोमवारी मी बँकेला नाही म्हणून कळवते," परत येऊन ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुम्ही आज खूप केलंत, आई. पण माझी मुलगी घरात राहील आणि तिचा चमचा बाहेर, हे मला नाही जमणार."

ती बुटाचे बंद बांधायला वाकली तशी सविता यार्डात धावली. मांसाचं पातेलं उचललं आणि आपला गॅस पेटवून, आपल्या राजम्यात, सगळंच्या सगळं ओतलं. आपला रोजच्या आमटीचा डाव घालून ढवळलं. रस्सा उडून हातावर चटका बसला. "हे बघ," ती आतूनच म्हणत होती, "हे बघ, झालं एकत्र. बस ना दोन मिनिटं."

डाव हातात घेऊनच ती बाहेर आली. दार उघडं होतं. लिफ्टपाशी लुसियाना जाईला कडेवर घेऊन उभी होती. तिने डावाकडे बघितलं, सविताकडे बघितलं, आणि परत येऊन सविताच्या गालाला गाल लावला. जाईने टाटा केला. मग लिफ्ट आली आणि त्या गेल्या.

आत पातेलं रटरटत होतं. प्रबोधने गॅस बारीक केला.

"सविता," तो म्हणाला, "हे आता कोण खाणार?"