दोन रेघा

हुपरीच्या तानाबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, चाळिशी उलटल्यावर, सुनेला, संयोगिताला, दिवस गेले आणि तिसऱ्याच महिन्यात तिनं गल्लीभर करून टाकलं, "जुळी हायत!" पुरावा म्हणजे संयोगिताचं पोट. तिसऱ्यात पाचव्याएवढं दिसत होतं. उलट्या तर अशा, की पाण्याचा घोट टिकेना. "दोघं हायत आत, मग तरास व्हणारच की," म्हणत तानाबाईनं बाळवाळ्यांचे दोन जोड बसून केलेसुद्धा. सगळा जन्म लोकांच्या चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडण्यात गेला, आता नातवंडांचे वाळे ती दुसऱ्याला थोडीच करू देणार!

मग अंगावरून रक्त जायला लागलं, पाय सुजले, बीपी वाढलं. मुलगा जोतीराम दोघींना घेऊन कोल्हापूरला गेला. सोनोग्राफीत ना दोन बाळं, ना एक.

"हा द्राक्षगर्भ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गर्भ धरतानाच गडबड होते. बाळ होतच नाही, नुसती वार पाण्याच्या फोडांसारखी वाढत सुटते, द्राक्षाच्या घडासारखी. म्हणून पोट मोठं, म्हणून उलट्या. चाळिशीनंतर धोका वाढतो. पण यात दोष कुणाचाच नाही."

संयोगिताची गर्भपिशवी साफ केली, घरी सोडलं. दर आठवड्याला रक्त तपासायचं, गर्भाचा हार्मोन पार उतरेपर्यंत. आणि डॉक्टर सांगेपर्यंत पुन्हा दिवस राहू द्यायचे नाहीत, हे डॉक्टरीणबाईंनी जोतीरामला दोनदा बजावलं.

आकडा सुरुवातीला भराभर उतरला. मग अडला. आणि एका आठवड्याला चक्क वर गेला. दवाखान्यातून फोन आला, उद्या या, बहुतेक इंजेक्शनं सुरू करावी लागतील.

त्या दुपारी संयोगितानं सासूला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि पदराखालून औषधांच्या दुकानातलं, दिवस राहिलेत का ते तपासायचं किट काढलं. त्यावर दोन लाल रेघा होत्या.

"आत्ती, हाय. एक ऱ्हायलं आसंल आत, त्यास्नी दिसलं नसंल." तिचे डोळे नुसते चमकत होते. "मी न्हाय जायची उद्या. त्या इंजेक्शनानं ह्ये बी जाईल. तुमी ह्यास्नी सांगा, तुमचं ऐकतील."

दोन रेघा म्हणजे काय, हे हल्ली शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नातवंडासाठी तानाबाईनं देव पाण्यात घातले होते. हो म्हणायला कितीसा वेळ लागतो! ओठावर आलंच होतं. पण तिची नजर सुनेच्या गळ्याकडे गेली. हाडं वर आलेली, मंगळसूत्र सैल लोंबत होतं. असंच मोठं पोट बघून आपण जुळी आहेत म्हणून ओरडत सुटलो होतो, हे तिला आठवलं आणि तिची तिलाच लाज वाटली. वरून चांदीच दिसणारं गिलट तिनं थोडं का पाहिलं होतं?

"पोरगं आसंल तर मशीनमधी दिसंल," ती म्हणाली. "उद्या जायाचं. मी संगं हाय."

"आणि न्हाय दिसलं तर?"

"तर सुई घ्यायाची."

"तुमाला नातू नगं व्हय?" संयोगिता एकदम कडाडली.

"पायजे की! रोज पायजे. पर तुझ्या जिवावर नगं." एवढं बोलून तानाबाईनं तिला जवळ ओढलं आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

दुसऱ्या दिवशी मशीनमध्ये बाळ दिसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी किट हातात घेतलं, रागावल्या नाहीत. "हे फक्त तो हार्मोन ओळखतं, बाळ ओळखत नाही. आत उरलेल्या वारेनंच या रेघा काढल्यात. असंच सोडलं तर ती वार फुप्फुसापर्यंत पसरू शकते. औषध कॅन्सरला देतात त्यातलंच आहे, नाव ऐकून घाबरू नका. वेळेत घेतलं तर बहुतेक बायका पुऱ्या बऱ्या होतात, गर्भपिशवीही राहते."

औषधानं संयोगिताच्या तोंडात फोड आले. तिखटाशिवाय घास न उतरणारी ती पोर, तानाबाई तिला दूधभात मऊ कालवून भरवू लागली. हळूहळू आकडा उतरत गेला आणि पावसाळा सरता सरता रिपोर्ट साफ आला. अजून वर्षभर तपासण्या आणि तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तेव्हा संयोगिताचं वय काय असेल, हा हिशोब दोघींनीही मनातल्या मनात केला. वाळे डब्यात तसेच राहिले.

तानाबाईनं मात्र येताना पेढे घेतले. गल्लीत शिरता शिरताच शेजारची शालूबाई आडवी आली. पेढा तोंडात टाकून तिनं संयोगिताच्या पोटाकडं बघितलं आणि डोळे मिचकावले.

"काय गं तानाक्का, परत दिवस ऱ्हायलं जणू?"

संयोगितानं मान खाली घातली. तानाबाईनं तिचा हात घट्ट धरला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "दिवस न्हाय गं. सून ऱ्हायली."