सत्कार आधी, निकाल मागनं

पेडगावात सत्काराला कारण लागतं, पण ते सापडायला वेळ लागत नाही. पोरगं पोलीस भरतीत निघालं की सत्कार. सून अंगणवाडीत लागली की सत्कार. एकदा लिंबाजीची म्हैस प्रदर्शनात दुसरी आली, तेव्हा लिंबाजीला नारळ आणि म्हशीला शाल असा सत्कार झाला. भाषण चालू असताना म्हशीनं शालीचा कोपरा खाल्ला. पहिल्या नंबरची म्हैस असती तर तिनं असं केलं नसतं, असं गावाचं मत पडलं.

या सगळ्या सत्कारांचा मंडप सितारामचा. सितारामचा नियम एकच. लग्नाचं भाडं घ्यायचं, बारशाचं घ्यायचं, पुढाऱ्याच्या सभेचं तर आधीच घ्यायचं. पण शिकलेल्या लेकराचा सत्कार असला की मंडप, खुर्च्या, माईक सगळं फुकट. कुणी पैसे पुढं केले तर तो म्हणायचा, "शिक्षणाचं भाडं घेत न्हाई आपण," आणि लगेच शिडीवर चढायचा. शिडीवर चढलेल्या माणसाच्या हातात पैसे देता येत नाहीत. (म्हशीच्या सत्काराचं भाडं त्यानं घेतलं होतं. म्हैस शिकलेली नव्हती.)

तर अशा सितारामची मुलगी सुकेशनी गणितात हुशार निघाली. साधी हुशार नाही, देशभरातल्या गणितवाल्या पोरांच्या शिबिराला बोलावणं येण्याइतकी. परभणीच्या कॉलेजातल्या राजेश्री मॅडमनी तिला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा अर्ज भरायला लावला. तिथं घेतलं तर शिकवणं, राहणं, खाणं सगळं तेच बघणार होते. नाही घेतलं तर सुकेशनीपुढं परभणी होतीच, आणि परभणीत वाईट काही नव्हतं. पण तिला जे गणित शिकायचं होतं ते शिकवणारी माणसं तिकडं होती. त्यांची नावं तिला आत्या-मावशांच्या नावांसारखी पाठ होती.

"किती चान्स हाय?" सगळं गाव विचारायचं.

"शंभर अर्ज आले तर चार घेतात, काका."

"शंभरात चार?" लिंबाजी दचकला. "असलं बियाणं निघालं तर आमी दुकानदाराला घरी जाऊ देत न्हाई."

बारावीचे पेपर संपले आणि आठवडाभरात तिकडचं उत्तर आलं. हो नव्हतं, नाही पण नव्हतं. तुमचं नाव प्रतीक्षा यादीत आहे, जागा रिकामी झाली तर कळवू, जूनच्या अखेरीपर्यंत थांबा, दरम्यान तुमची काही नवी कामगिरी असली तर जरूर कळवा, असं होतं.

ही बातमी भागवतला कळली. भागवत म्हणजे गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करणारा माणूस. त्याची बहीण मुंबईला, त्यामुळे रेल्वेचं सगळं ज्ञान त्याच्याकडे.

"वेटिंगला हाय? म्हंजे झालंच की!"

"तसं नसतं, काका."

"म्या आजवर कधी वेटिंगमुळं मागं ऱ्हायलोय? टीसी आला की उठायचं, गेला की बसायचं. परभणी सुटू दे, मानवत रोडपत्तोर जागा होतीच."

"तिथं उभ्यानं नेत नाहीत."

"नेत्यात. तू बोलून तर बघ."

दुसऱ्या दिवशी गावात सुकेशनी अमेरिकेला चालली होती.

मग सरपंच मनकर्णाबाई घरी आल्या. सुकेशनीच्या आईनं, कुसुमबाईनं, चहा टाकला. मनकर्णाबाईंनी बशीत ओतायच्या आधीच विषय काढला.

"सितारामभाऊ, मंडपाची तारीख द्या."

"कुणाचं काय हाय?"

"तुमच्याच पोरीचा सत्कार."

सिताराम भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला. एप्रिल आणि मे लग्नांच्या खुणांनी पार काळे झाले होते. "पुढचा बुधवार तेवढा रिकामा हाय. मग डायरेक जून."

"जूनात पेरण्या. कुत्रं फिरकणार न्हाई सत्काराला. बुधवार धरा."

आतून सुकेशनी धावत आली. "मावशी, अजून निकाल न्हाई लागला! जूनपर्यंत कळणार न्हाई."

मनकर्णाबाईंनी शांतपणे फुर्रकन चहा ओढला. "मग आता दुसऱ्याचा मंडप आणू का? वालूरहून? सितारामच्या पोरीचा सत्कार अन् मंडप परका! लोक तोंडात शेण घालतील माझ्या. न्हाई बाई. सत्कार बुधवारी. निकालानं मागनं आपलं यावं."

यात चूक काय आहे ते सुकेशनीला स्पष्ट दिसत होतं, पण सिद्ध करता येईना. गणितात असं तिचं कधी झालं नव्हतं.

मंगळवारी चौकात फ्लेक्स लागला. 'अमेरिकेच्या जगप्रसिद्ध विद्यापीठात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' ओळखपत्रावरचा तिचा घाबरलेला फोटो मोठा करून मधोमध, आणि मागं आयफेल टॉवर, कारण परभणीच्या फ्लेक्सवाल्याकडं परदेश म्हणून तेवढाच होता. खाली शुभेच्छुकांचे फोटो. त्यात भागवतचा दीड वर्षाचा नातू काळा गॉगल घालून होता.

फ्लेक्स बघून सुकेशनी तडक घरी आली. सिताराम मंडपाच्या दोऱ्या उकलत बसला होता, त्याच्याजवळ ती जाऊन बसली.

"पप्पा, न्हाई झालं तर?"

"न्हाई झालं तर न्हाई."

"लोकं तुमाला हसतील."

सिताराम जरा वेळ गाठीशीच खेळला. "मंडप टाकला अन् पाऊस आला की कापडाला फुगा धरतो. मग बांबूनं ढकलायचं. पाणी कुणाच्या तरी डोक्यावर पडतंच. झरीच्या लग्नात एकदा नवरदेवावर पडलं. हसले लोकं." गाठ सुटली. "पण लगीन झालं की."

यातून धीर घ्यायचा की काय घ्यायचं ते तिला कळलं नाही. तिनं दोरीचं दुसरं टोक धरलं.

बुधवारी ऊन उतरल्यावर गाव जमलं. मंचावर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, मेणबत्त्या, हार. आईवडिलांसाठी मधल्या दोन खुर्च्या होत्या. कुसुमबाई बसली, सिताराम काही बसला नाही. आजवरच्या सगळ्या सत्कारांत तो माईकच्या मशीनपाशी उभा राहिला होता, तसाच आजही राहिला. त्याचं म्हणणं, माईकनं शिट्टी मारली तर खुर्चीवरनं हात पुरत नाही.

भागवतनं सुरुवातच अशी केली: "जिच्या हुशारीपुढं अमेरिकेनं हात टेकले..."

सुकेशनीनं उठून माईक त्याच्या हातातून घेतला. भागवतच्या हातातून कुणी माईक घेतल्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे मागं उभी असलेली माणसंही पुढं सरकली.

"माझी निवड झालेली न्हाई," ती म्हणाली. "वेटिंगवर हाय. गेल्या वर्षी त्यांनी वेटिंगवरनं एकालाबी घेतलं न्हाई. आधी शंभरात चार होते, आता किती ऱ्हायले मलाच सांगता येत न्हाई. रेल्वेसारखं ते नसतं. म्हणून ह्या शाली मला घेता यायच्या न्हाईत. परत न्या. माझं चुकलं, मी आधीच जोरात सांगायला पायजे होतं."

टेबलावर शालींचा ढीग होता. सगळे त्या ढिगाकडे बघायला लागले, जणू आता त्यानंच काहीतरी बोलावं.

मनकर्णाबाई उठल्या. "कुठं परत नेऊ? दुकानातनं आणल्यात व्हय?" त्यांनी वरची शाल ओढली. "ही माझ्या भुजंगाला मिळालेली. तलाठी झाला तव्हाची. ह्याच मंडपात."

मागून बायनाबाई ओरडल्या, "ती हिरवी आमच्या सविताची! नर्स झाली तव्हाची!"

"निळी गोपाळची हाय, पेटीत ठिवली होती. डांबरगोळीचा वास येईल, पण धुतलीय."

एकेक जण उठून आपापली शाल दाखवायला लागला. ढिगात एकही नवी शाल नव्हती. ज्याच्या-त्याच्या घरचं लेकरू शिकलं तेव्हा सितारामच्या फुकट मंडपात मिळालेली शाल जो-तो घेऊन आला होता.

"पोरी," मनकर्णाबाई म्हणाल्या, "आमी अमेरिकेचा सत्कार करायला न्हाई आलो. अमेरिकेला आमी वळखतबी न्हाई. तुझ्या बापानं पैसे घेतले न्हाईत कधी, अन् शिडीवर चढून बसतोय, मग आमी करावं तरी काय? बस खाली. शाल घे."

शेवटी लिंबाजी आला. त्यानं आणलेल्या शालीचा एक कोपरा नव्हता. "आमच्या घरात दुसरं कुणी शिकलं न्हाई," तो म्हणाला.

सुकेशनीला हसू आलं, मग ते हसू राहिलं नाही. पण माईकमधून हुंदका काही ऐकू गेला नाही, कारण सितारामनं तेवढ्यात बटण बंद केलं होतं. त्यासाठीच तो तिथं उभा होता की काय कोण जाणे. त्याची पाठ सभेकडं होती आणि तो मशीनची वायर बराच वेळ तपासत होता. वायरीला काही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुकेशनीनं विद्यापीठाला कळवलं: 'नवी कामगिरी काही नाही. तुम्ही मला अजून घेतलेलं नाही, आणि काल त्याबद्दल माझा जाहीर सत्कार झाला. वडिलांच्या मंडपात ज्यांच्या लेकरांचे सत्कार झाले, त्या लोकांनी आपापल्या शाली आणून दिल्या. एक म्हशीची आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी माझं बरं चाललं आहे. हो म्हणालात तर फार आभारी राहीन.' पाठवायच्या आधी राजेश्री मॅडमनी वाचलं, व्याकरणाची एक चूक दुरुस्त केली आणि म्हशीला हात लावला नाही.

जूनमध्ये, लोक पेरणीसाठी तिफणी बाहेर काढत होते तेव्हा, उत्तर आलं. जागा झाली होती. म्हशीमुळं झाली की आपोआप झाली हे त्यांनी लिहिलं नव्हतं आणि सुकेशनीनं विचारलंही नाही.

सिताराम तेव्हा पोखर्णीला होता, हंगामातल्या शेवटच्या लग्नाचा मंडप बांधत. ती भागवतच्या गाडीवर तिथं पोचली. तो शिडीवर, पार वर.

"पप्पा! झालं!"

"काय झालं?"

"कन्फर्म झालं!" मागून भागवतच ओरडला. "म्या म्हनलोच होतो!"

सिताराम खाली उतरला नाही. एका हातानं बांबू धरून तो तसाच थांबला, मग दुसऱ्या हातानंही धरला. वरून आवाज आला, "दोरी दे."

तिनं दिली. त्यानं ती बांधली कुठंच नाही, नुसती धरून ठेवली.

पेडगावात कुणी पेढे मागितले नाहीत, हार आणला नाही. सुकेशनी सांगायला गेली तेव्हा मनकर्णाबाई म्हणाल्या, "चांगलं झालं बाई. सत्कार तर झालेलाच हाय," आणि बियाणं निवडायला बसल्या. फ्लेक्समधलं प्रत्येक अक्षर आता खरं होतं, आयफेल टॉवर सोडून. पण तो फ्लेक्स लिंबाजीनं कधीच कडब्यावर झाकायला टाकला होता.

जायच्या आधी सुकेशनीनं घरोघरी फिरून शाली परत दिल्या, पुढच्या सत्काराला लागतील म्हणून. लोकांनी आढेवेढे घेतले आणि घेतल्या. लिंबाजीची तेवढी तिनं स्वतःकडं ठेवली. तसली शाल पुन्हा कुणाच्या खांद्यावर घालता आली नसती, आणि तिकडं थंडी फार असते म्हणे.